गाठ

(रस्त्यावरून जाणारे मालट्रक आपण रोज पाहतो. त्यांतील माल कसा भरतात, तो का व कसा बांधतात आणि ट्रकचालकाच्या घरचे लोक त्याची वाट कशी पाहतात, याची माहिती या पाठात दिली आहे. पाठातील चालकाची गोष्ट कल्पित आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज सकाळपासून तुम्ही कोणकोणत्या वस्तू वापरल्या, ते जरा आठवून पाहा. चहातील साखर, भाजीतील कांदा, अंगावरचा गणवेश, हातातील वही आणि तुम्ही ज्यावर बसला आहात तो बाक. यांतील बहुतेक वस्तू ट्रकमधून प्रवास करून तुमच्यापर्यंत आल्या आहेत. तुम्ही रात्री गाढ झोपेत असता, तेव्हा कोणीतरी जागा राहून त्या वस्तू घेऊन येत असतो. त्याचे नाव तुम्हांला ठाऊक नसते आणि तुमचे नाव त्याला ठाऊक नसते.

मराठीत 'गाठ' हा एक छोटासा शब्द आहे. उर्दूत तुम्ही 'गांठ' म्हणता, म्हणून हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. दोराला मारतात ती गाठ. पण मराठीत या शब्दाचे आणखीही उपयोग आहेत. दोन माणसांची भेट झाली, की 'त्यांची गाठ पडली' असे म्हणतात. एखाद्या ठिकाणी जाऊन पोहोचणे म्हणजे ते ठिकाण 'गाठणे'. ट्रकचालकाच्या जीवनात हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. ते कसे, हे आता आपण पाहू.

तुम्ही एस. टी. बसमध्ये कधी उभ्याने प्रवास केला आहे काय? चालकाने एकदम ब्रेक दाबला, की तुम्ही पुढे फेकले जाता. बस एकदम सुटली, की मागे झुकता. बस वळणावर वेगाने वळली, की बाहेरच्या बाजूला कलता. असे का होते, हे विज्ञानाच्या पुस्तकात सांगितले आहे. गतीत असलेली वस्तू आपली गती सहजासहजी सोडत नाही. या गुणाला जडत्व म्हणतात. तुम्ही बसच्या दांडीला घट्ट धरता, म्हणून पडत नाही. ट्रकमधल्या मालाला हात नसतात. त्याला धरून ठेवण्याचे काम दोराला करावे लागते.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जातो. तुम्ही एकदा डोळे मिटून उघडेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट अंतर लागते. अशा वेळी माल सैल असेल, तर तो पुढे सरकून चालकाच्या केबिनवर आदळू शकतो. वळणावर तो एका बाजूला सरकला, तर अख्खी गाडी उलटू शकते. चढावर तो मागे सरकला, तर मागून येणाऱ्या वाहनावर पडू शकतो. युरोपात माल बांधण्याविषयी एक नियम आहे. मालाचे जेवढे वजन असेल, त्याच्या ८० टक्के जोराने तो पुढे ढकलला गेला, तरी बांधलेला माल जागचा हलता कामा नये. बाजूला आणि मागे सरकण्यासाठी हेच प्रमाण ५० टक्के धरतात. पुढचे प्रमाण जास्त का, हे तुम्हीच विचार करून सांगा.

आता माल कसा भरतात, ते पाहू. ट्रकच्या मागच्या मोकळ्या भागाला हौदा म्हणतात. हौद्याला जे उघडझाप करणारे पाट असतात, त्यांना फाळके म्हणतात. माल भरण्याचे काम हमाल करतात. महाराष्ट्रात त्यांना माथाडी कामगार असेही म्हणतात, कारण ते माथ्यावर ओझे वाहतात. त्यांच्या हितासाठी १९६९ साली महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला.

माल भरतानाही डोके चालवावे लागते. जड वस्तू नेहमी तळाला ठेवतात आणि हलक्या वस्तू वर. जड वस्तू वर ठेवल्या, तर गाडीचा तोल बिघडतो. डाव्या आणि उजव्या बाजूंना वजन सारखे पडले पाहिजे. दोन पोत्यांमध्ये मोकळी जागा राहू देत नाहीत, कारण जेथे जागा असते, तेथे माल सरकतो. भिंत बांधताना गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही. त्याचप्रमाणे पोत्यांच्या थरांचे सांधेही चुकवतात. त्यामुळे सगळी पोती एकमेकांना धरून राहतात.

प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा असतो. कांद्याला हवा लागते. त्याच्यावर ताडपत्री सगळीकडून आवळून बांधली, तर आत उष्णता साठून कांदा सडतो. सिमेंटला ओल चालत नाही. थोडे पाणी लागले, तरी त्याचे दगड होतात. लोखंडी नळ गोल असतात, म्हणून ते घरंगळू नयेत यासाठी त्यांच्या बाजूंना लाकडी ठोकळे ठोकतात आणि त्यांना दोराऐवजी साखळीने बांधतात. काचेची तावदाने आडवी न ठेवता उभी ठेवतात. चांगल्या चालकाला हे सारे माहीत असते. हे ज्ञान त्याला कोणत्याही शाळेत मिळालेले नसते. क्लीनर म्हणून काम करता करता तो आपल्या उस्तादाकडून ते शिकतो.

माल भरून झाला, की त्यावर ताडपत्री पसरतात आणि मग दोर बांधतात. दोराचे एक टोक हौद्याच्या एका बाजूच्या कडीला पक्के करतात. मग दोर मालावरून पलीकडे टाकतात. पलीकडच्या बाजूला दोराला मध्येच एक फास करतात. दोराचे मोकळे टोक खालच्या कडीतून घेऊन त्या फासातून ओवतात आणि अंगाचा सगळा भार देऊन खाली ओढतात. येथे फास कप्पीसारखे काम करतो. त्यामुळे हाताने जेवढा जोर लावावा, त्याहून अधिक ताण दोरावर येतो. मालाचा कोपरा धारदार असेल, तर दोर कापला जाऊ नये म्हणून त्याखाली पोत्याची घडी ठेवतात. दोराने माल खाली दाबला जातो. माल आणि हौद्याचा तळ यांमधील घर्षण वाढते आणि माल सरकत नाही.

येथे काम संपले, असे तुम्हांला वाटेल. पण खरे काम पुढेच आहे. गाडी रस्त्याला लागली, की खड्ड्यांमुळे आणि हादऱ्यांमुळे माल हळूहळू खाली बसतो. माल बोटभर बसला, तरी दोर सैल पडतो. तागाचा किंवा काथ्याचा दोर भिजला, की आखडतो आणि वाळल्यावर ढिला होतो. म्हणून निघाल्यावर काही किलोमीटर गेले, की गाडी थांबवून प्रत्येक दोर हाताने ओढून पाहावा लागतो. घाट लागण्यापूर्वी पुन्हा पाहावा लागतो. हे काम करताना चालकाला पाहणारा कोणी नसतो. त्याने ते केले नाही, तरी त्या वेळी कोणी रागावत नाही. म्हणूनच ते सर्वांत अवघड काम आहे.

आता अशाच एका चालकाबरोबर आपण थोडा प्रवास करू. हा चालक मालेगावचा राहणारा आहे. मालेगाव आणि भिवंडी ही दोन्ही गावे यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहेत. दोन्ही गावे मुंबई-आग्रा रस्त्यावर आहेत आणि त्यांमध्ये सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे. आपला चालक मालेगावहून कापडाच्या गासड्या भिवंडीला नेतो आणि परतताना सुताची पोती आणतो.

ईदच्या आदल्या दिवसाची गोष्ट. ट्रक भिवंडीच्या एका गोदामासमोर उभा होता. सकाळीच मुलाचा फोन आला होता.

"अब्बा, आज चांदरात आहे. तुम्ही केव्हा येणार? आपल्याला बूट घ्यायला जायचे आहे ना?"

"संध्याकाळपर्यंत गाडी भरली, तर रात्री बाराच्या आत घरी येतो," तो म्हणाला.

मग मुलाच्या आईने फोन घेतला. ती एवढेच म्हणाली, "उशीर झाला तरी चालेल. सावकाश या."

पण सणामुळे हमाल कमी आले होते. गाडी भरता भरता रात्रीचे दहा वाजले. चालक दोर काढू लागला, तोच गोदामाचा मुनीम बाहेर आला.

"उस्ताद, आणखी वीस पोती उरली आहेत. तेवढी वर टाकून घ्या."

"वजन पुरे झाले, शेटजी. आता एकही पोते घेता येणार नाही."

"वीस पोत्यांनी काय होते? दुसरे चालक घेतात. तुम्हांला नको असेल, तर पुढच्या खेपेला आम्ही दुसरी गाडी बघू."

चालक क्षणभर गप्प राहिला. मुनीम काय म्हणतो, ते त्याला नीट समजले होते. घरी तीन मुले होती, घरभाडे होते, मुलीची फी भरायची होती. खेप गेली, तर त्याची मजुरी जाणार होती. पण गाडीचे ब्रेक किती वजन पेलतात, हेही त्याला माहीत होते. कायदाही त्याला माहीत होता. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरला, तर वीस हजार रुपये दंड आहे आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार रुपये. तो हळू आवाजात म्हणाला, "मग दुसरी गाडी बघा, शेटजी. मी नाही घेणार."

अकरा वाजता गाडी निघाली. पडघा गेले, शहापूर गेले. रस्त्याच्या कडेने दुकानांवर दिव्यांच्या माळा दिसत होत्या. चालकाच्या मनात मुलाचे बूट होते. आता बाराच्या आत घर गाठणे शक्यच नव्हते. निदान सकाळच्या ईदच्या नमाजाला तरी आपण पोहोचू, असा हिशेब त्याने मनात केला.

रात्री एकच्या सुमारास कसारा आले. येथून इगतपुरीपर्यंत कसारा घाटाचा चढ आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला. तेथे बोगद्यातून डोंगर पार करता येतो. तरीही अनेक गाड्या जुन्या घाटानेच जातात. आपल्या चालकाची गाडीही त्याच वाटेने चालली होती.

घाटाच्या पायथ्याशी त्याने गाडी कडेला घेतली.

क्लीनर म्हणाला, "उस्ताद, आता कशाला थांबता? वाटेत एकदा दोर पाहिले होते. उशीर होईल."

"तू खाली उतर. टॉर्च घे. मागचे दोन दोर ओढून बघ."

क्लीनर उतरला. पहिला दोर ताठ होता. दुसरा दोर त्याने ओढला, तर तो हातभर वर आला. पोती खाली बसली होती आणि सर्वांत मागचा थर फाळक्याकडे झुकला होता. क्लीनर काही बोलला नाही. त्याने चालकाकडे पाहिले.

दोघांनी मिळून दोर सोडले. वरची पोती पुढे सरकवली. ताडपत्री पुन्हा ताणली. एकेक दोर आवळून पुन्हा बांधला. या कामात पाऊण तास गेला. काम चालू असताना एक मोटारसायकल त्यांच्या बाजूने घाटाकडे गेली. पुढे एक तरुण होता. मागे त्याची बायको होती आणि तिच्या मांडीवर झोपलेले लहान मूल होते. चालकाने क्लीनरला एवढेच म्हटले, "पाहिलेस? आपल्या मागे अशी माणसे असतात."

घाट चढून गाडी घोटीजवळ आली, तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते. चालकाचे डोळे जड झाले. पहाटेच्या या वेळी झोप फार अनावर होते. चालक क्षणभर पेंगला, तर पक्क्या दोराचाही काही उपयोग होत नाही. त्याने एका ढाब्याजवळ गाडी लावली आणि केबिनमध्येच दोन तास झोप घेतली. झोपण्यापूर्वी त्याने मनातला हिशेब पुन्हा केला. आता नमाजही चुकणार होता.

सकाळी सव्वानऊ वाजता गाडी मालेगावात शिरली. ईदगाहवरून लोक परतत होते. लहान मुले नवे कपडे घालून एकमेकांना भेटत होती. चालक घरी पोहोचला. मुलीने धावत येऊन सलाम केला. शीरखुर्म्याचा वास घरभर दरवळत होता. मुलगा मात्र खिडकीजवळ बसून राहिला. त्याच्या पायांत जुनेच बूट होते.

"तुम्ही बाराच्या आत येतो म्हणाला होता," तो म्हणाला.

"म्हणालो होतो, बेटा. मला यायला जमले नाही."

चालकाने जास्त काही सांगितले नाही. हातपाय धुऊन त्याने मुलाला बाहेर नेले. ट्रक घराजवळच उभा होता. मागच्या दोराला हात लावून तो म्हणाला, "हा दोर ओढून बघ."

मुलाने एका हाताने ओढला, मग दोन्ही हातांनी ओढला. दोर जराही हलला नाही.

"रात्री हा सैल झाला होता. तो पुन्हा बांधला, म्हणून उशीर झाला. बांधला नसता, तर कदाचित काहीच झाले नसते. मी वेळेवर आलो असतो आणि आपण बूट घेतले असते. कदाचित मी आलोच नसतो. नाहीतर मी आलो असतो आणि दुसऱ्या कोणाचा तरी बाप आला नसता. नक्की काय झाले असते, ते मला ठाऊक नाही. म्हणूनच मी थांबलो."

मुलगा बराच वेळ दोराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अब्बा, ही गाठ कशी मारतात, ते मला दाखवा."

मित्रांनो, मुनीमाने आपला शब्द खरा केला. पुढची खेप दुसऱ्या गाडीला मिळाली आणि आपल्या चालकाला चार दिवस घरी बसून राहावे लागले. चांगुलपणाचे फळ नेहमी लगेच मिळतेच, असे नाही. पण त्या चार दिवसांत मुलाला नवे बूट मिळाले आणि वडिलांशी पोटभर गप्पाही मारता आल्या.

ट्रकचालकाच्या घराचा कारभार बहुतेक वेळा मुलांची आईच पाहते. मुलाला ताप आला, तर दवाखान्यात तीच नेते. शाळेत पालकांना बोलावले, तर तीच जाते. पूर्वी चालक दूरच्या गावाहून घरी पत्र टाकत. पत्र घरी येईपर्यंत तो चालक आणखी दूरच्या गावी गेलेला असे. पुढे एस. टी. डी. बूथ आले. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. त्यामुळे आवाज रोज ऐकू येतो. पण गाडी चालवताना फोन घेणे धोक्याचे आहे. म्हणून समजूतदार घरात एक नियम असतो. घरून फोन करायचा नाही. गाडी थांबली, की चालकानेच घरी फोन करायचा.

चालकांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून वेळोवेळी काही पावले उचलली गेली. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, असे त्यात ठरवले होते. १ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर सुरू झाला. त्यानंतर मुंबईचे जकात नाके आणि राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके बंद झाले. त्या नाक्यांवर चालकांना पूर्वी तासन्‌तास रांगेत थांबावे लागे. २०२५ सालापासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असणे सक्तीचे झाले आहे. उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने तापलेल्या केबिनमध्ये दिवसभर बसणे म्हणजे काय, ते चालकालाच विचारावे. मात्र कायदा दोर बांधायला येत नाही. तो शेवटी माणसालाच बांधावा लागतो.

तुम्ही उद्या शिक्षक व्हाल, डॉक्टर व्हाल, कारागीर व्हाल किंवा दुकान चालवाल. प्रत्येक कामात एक दोर असा असतो, की जो सैल राहिला, तरी लगेच कोणाला कळत नाही. तो कोणता, हे ओळखायला शिका. यापुढे रस्त्यावर पक्का बांधलेला एखादा ट्रक दिसला, तर त्याच्या दोरांकडे क्षणभर पाहा. कोणीतरी अंधारात, कोणी पाहत नसताना ती गाठ मारली आहे. ती पक्की असेल, तरच त्याला आपला मुक्काम गाठता येतो आणि घरच्यांशी त्याची गाठ पडते.

शब्दार्थ

परका – अनोळखी
हौदा – ट्रकचा माल भरण्याचा भाग
फाळका – हौद्याचा उघडझाप करणारा पाट
घरंगळणे – गडगडत जाणे
तावदान – खिडकीची काच
ओवणे – छिद्रातून किंवा फासातून आत घालून बाहेर काढणे
कप्पी – ज्यावरून दोर फिरतो ते चाक
घर्षण – दोन वस्तू एकमेकींना घासणे
गासडी – कापडाचा किंवा कापसाचा बांधलेला मोठा गठ्ठा
मुनीम – व्यापाऱ्याचा हिशेब ठेवणारा माणूस
खेप – माल घेऊन केलेली एक फेरी
अनावर – आवरता न येणारी

वाक्प्रचार

गाठ पडणे – भेट होणे
डोके चालवणे – विचार करणे, युक्ती वापरणे
डोळे जड होणे – झोप येणे
शब्द खरा करणे – बोलल्याप्रमाणे वागणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जड वस्तू हौद्याच्या तळाला का ठेवतात?
(आ) कांद्यावर ताडपत्री सगळीकडून आवळून का बांधत नाहीत?
(इ) चालकाने मुनीमाला काय उत्तर दिले?
(ई) चालक घोटीजवळ का थांबला?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) निघताना पक्का बांधलेला दोर वाटेत सैल का होतो?
(आ) कसारा घाटाच्या पायथ्याशी काय घडले, ते सांगा.
(इ) "म्हणूनच ते सर्वांत अवघड काम आहे." असे लेखकाने कोणत्या कामाविषयी म्हटले आहे? का?

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "उशीर झाला तरी चालेल. सावकाश या."
(आ) "वीस पोत्यांनी काय होते?"
(इ) "आपल्या मागे अशी माणसे असतात."
(ई) "ही गाठ कशी मारतात, ते मला दाखवा."

४. कंसातील योग्य शब्द घालून रिकाम्या जागा भरा.
(घर्षण, कप्पी, जडत्व, माथाडी)
(अ) गतीत असलेली वस्तू आपली गती सहजासहजी सोडत नाही, या गुणाला ______ म्हणतात.
(आ) दोराचा फास ______सारखे काम करतो.
(इ) माल खाली दाबला गेला, की ______ वाढते.
(ई) हमालांना महाराष्ट्रात ______ कामगार असेही म्हणतात.

५. भाषाभ्यास
(अ) माल, वजन, हमाल, रस्ता, बाजार, मजुरी हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.
(आ) काही शब्द दोन्ही भाषांत सारखे ऐकू येतात. पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामा. मराठीत 'खाली' म्हणजे वर नव्हे ते. उर्दूत 'बाजू' म्हणजे दंड. मराठीत 'बाजू' म्हणजे कड किंवा दिशा. हे दोन्ही शब्द मराठी अर्थाने वापरून एकेक वाक्य लिहा.
(इ) 'गाठ', 'गाठ पडणे' आणि 'गाठणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
(ई) विरुद्धार्थी शब्द लिहा : जड, सैल, चढ, जुना, उशिरा.

६. विचार करा.
चालकाने वीस पोती घ्यायला नकार दिला. त्यामुळे त्याची पुढची खेप गेली. त्याने केले ते योग्य होते काय? तुमचे मत कारणांसह सात-आठ ओळींत लिहा.

७. उपक्रम
तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या ट्रकचालकाला किंवा हमालाला भेटा. माल बांधण्याची एक गाठ त्याच्याकडून शिकून घ्या आणि ती वर्गात करून दाखवा.